पासवर्ड बरोबर होता

२०३४ सालच्या मे महिन्यात, ऐन दुपारी, फैजपूरजवळच्या हरिता प्रयोगशाळेतल्या दोन नंबरच्या वाढखोलीचा एसी बंद पडला. पाठोपाठ तिथल्या कॉम्प्युटरने कुंदा फिरके यांचा पासवर्ड नाकारला.

हरितात केळीची रोपं तयार होत. कंदाच्या शेंड्याचा बारीक तुकडा घ्यायचा आणि काचेच्या बाटलीत जेलीसारख्या खाद्यावर वाढवायचा. एका तुकड्यातून शेकडो रोपं निघतात, सगळी एकसारखी. मर रोगाने रावेर-यावलच्या बागा आडव्या केल्यापासून शेतकऱ्यांची सारी भिस्त या बाटल्यांवर होती. बाटल्या ज्या खोल्यांत ठेवत त्या वाढखोल्या. तिथलं ऊन म्हणजे दिवे आणि हवा म्हणजे एसी, आणि दोन्हींचा कारभार एका लिनक्स डेस्कटॉपवर चाले. त्या डेस्कटॉपच्या प्रशासक कुंदाताई होत्या. पूर्वी सावद्यात त्यांचा टंकलेखनाचा क्लास होता. टाइपरायटर गेले तेव्हा त्या कॉम्प्युटर शिकल्या आणि लिनक्सवर स्थिरावल्या. वय छप्पन्न. नवरा जाऊन बरीच वर्षं झाली होती. मुलगी तेजल पुण्याला नोकरीला होती आणि सध्या घरी येऊन इथूनच काम करत होती.

एक नंबरच्या खोलीचा एसी वाढवून दोन नंबरच्या बाटल्या तिकडे हलवायच्या, एवढंच काम होतं. कुंदाताईंनी आज्ञा दिली, मशीनने पासवर्ड मागितला, त्यांनी टाकला.

'पासवर्ड चुकला. पुन्हा प्रयत्न करा.'

"कॅप्स लॉक सुरू असेल ताई," मागे उभे असलेले पराग भोळे म्हणाले. प्रयोगशाळा त्यांच्या मालकीची होती.

"नाहीये सर. भाषाही इंग्रजीच आहे, मराठीवर गेलेली नाही."

टर्मिनलमध्ये पासवर्ड टाकताना काहीच दिसत नाही, साधे ठिपकेसुद्धा नाहीत. म्हणून त्यांनी एक कोरी फाइल उघडली आणि तोच पासवर्ड तिथे उघडा टाइप करून पाहिला. अक्षर न् अक्षर बरोबर होतं. पुसून टाकला आणि पुन्हा टर्मिनलमध्ये घातला. नाकारला. आणखी एकदा घातला, तर मशीनने प्रशासकाचं खातंच थोड्या वेळासाठी बंद केलं.

"रोपं उकडतील हो!" भोळ्यांचा आवाज चढला.

"तुम्ही ट्रे हलवायला घ्या. मी बघते."

भोळे बाह्या सरसावून स्वतः ट्रे उचलायला लागले. लॅबमधल्या बायाही धावल्या. कुंदाताईंनी मशीन बंद करून रिकव्हरीत सुरू केलं. लिनक्समधली ही मागची वाट. तिथे पासवर्ड न विचारता मशीन मूळ मालकाचे हक्क देतं, कारण जो मशीनसमोर बसलाय तो घरातलाच असणार असं ते धरून चालतं. त्यांनी डिस्क लिहिण्यासाठी खुली केली आणि नवा पासवर्ड दिला. पण रिकव्हरीत वाढखोल्यांचा प्रोग्रॅम चालत नाही, म्हणून मशीन पुन्हा नेहमीसारखं सुरू केलं. आता तरी लागायला हवं होतं.

'पासवर्ड चुकला.'

आत्ताच दिलेला पासवर्ड चुकतोच कसा? राहता राहिला कीबोर्ड. एखादं बटण अडकत असेल. त्यांनी तेजलला फोन केला, "घरचा कीबोर्ड घेऊन ये. लगेच."

तेजल स्कूटीवरून आली तेव्हा कुंदाताई स्वतः बाटल्यांचा ट्रे धरून दाराशी अडकल्या होत्या. "लाव तो कीबोर्ड," त्या म्हणाल्या आणि पासवर्ड लेकीच्या कानात सांगितला. "टाक तूच."

तेजलने टाकला. मशीनने निमूट आज्ञा घेतली आणि एक नंबरचा एसी घरघरायला लागला.

"म्हणजे कीबोर्डच," भोळे घाम पुसत म्हणाले. कुंदाताईंनाही तसंच वाटलं. त्यांनी दोन नंबरच्या सगळ्या बाटल्यांवर होल्ड लावायचं ठरवलं. होल्ड म्हणजे तपासणी होईपर्यंत तो माल कुणी बाहेर काढायचा नाही. उष्णतेने बाटलीत लपलेले जिवाणू फोफावतात, आणि अशी रोपं बागेत गेली की महिन्या-दोन महिन्यांत बसतात, म्हणजे कोलमडून मरतात. खुर्चीत तेजलच होती, म्हणून होल्डही तिच्याच हातून लागला.

दुसऱ्या दिवशी सकाळी तोच नवा कीबोर्ड, तोच पासवर्ड. कुंदाताईंनी टाकला. मशीनने नाकारला.

त्यांनी आणखी एकदा टाकला, तोही नाकारला गेला. मग घरी फोन लावला. "तेजू, जरा येऊन जा."

तेजल आली, तिने टाकला, उघडलं. कुंदाताईंनी टाकला, नाही उघडलं. आता अर्थ एकच होता, आणि तो दोघींच्याही लक्षात आला.

तीन वर्षांपूर्वी सरकारने असा नियम केला होता की प्रमाणित रोपं, औषधं, रक्त अशा गोष्टींच्या मशीनवर प्रशासकाचा नुसता पासवर्ड चालणार नाही. चेहरा, आवाज, बोटांचे ठसे या सगळ्याची हुबेहूब नक्कल तोपर्यंत कुणीही घरबसल्या करू लागलं होतं. राहिला होता फक्त हाताचा ताल. माणूस टाइप करतो तेव्हा कुठलं बटण किती वेळ दाबून धरतो, एका बटणावरून दुसऱ्यावर जायला किती वेळ घेतो, हे ज्याचं त्याचं ठरलेलं असतं. सेकंदाचा शंभरावा भाग इकडेतिकडे होतो, पण घडण तीच राहते. अक्षराला वळण असतं तसंच हे. मशीन सुरुवातीला या तालाचा नमुना घेऊन ठेवतं आणि दर वेळी पासवर्डाबरोबर तोही तपासतं. ताल जुळला नाही तरी ते 'पासवर्ड चुकला' एवढंच सांगतं. नेमकं काय चुकलं हे चोराला कळता कामा नये. नमुना आपणहून बदलतही नाही, नाहीतर चोर हळूहळू त्याला आपल्या हाताची सवय लावील.

"माझा ताल तुझ्यासारखा कसा?" तेजलने विचारलं.

"चौथीत होतीस तेव्हापासून क्लासमध्ये माझ्या शेजारी बसून टाइप करायचीस. बोट कुठे उचलायचं, कुठे टेकायचं, सगळं माझंच घेतलंस. इतकी घाई करू नको म्हणून ओरडून तुझा वेगही मी माझ्यासारखाच करून घेतला."

"मग तुझा कुठे गेला?"

कुंदाताईंनी डावा हात टेबलावर ठेवला. तो थरथरत नव्हता. दुखतही नव्हता. गेल्या काही महिन्यांत पासवर्ड कधीकधी दुसऱ्या वेळेला लागायचा, तेव्हा त्या बटणांना दोष द्यायच्या. तेजलने आपल्या लॅपटॉपवर एक साधा प्रोग्रॅम चढवला आणि आईला परिच्छेद टाइप करायला सांगितला. उजवा हात ठीक होता. डाव्या हाताची बोटं मात्र प्रत्येक बटणावर जरा जास्त रेंगाळत होती, आणि ओळ संपत येई तशी अधिकच.

"आई, डॉक्टरकडे जाऊ या."

"जाऊ ना. आधी हे निस्तरू दे."

भोळ्यांना सांगावं लागलं. त्यांनी खुर्ची ओढली आणि आवाज खाली आणला. "ताई, नवा नमुना द्यायचा तर प्रमाणन कार्यालयाचा माणूस यायला हवा. तो कारण विचारणार. हात बिघडलाय म्हटलं तर तुमचा प्रशासकाचा परवाना राहील का, मला शंका आहे. आणि तुम्ही नाही तर माझ्याकडे दुसरं कोण आहे? लागवडीचे दिवस आलेत."

"मग?"

"तेजल आहे ना इथे अजून. मशीन तिला तुम्हीच समजतंय. सांगायचं तुम्ही, बटणं दाबायची तिने. थोडे दिवस."

कुंदाताईंनी लेकीकडे पाहिलं. तेजलने खांदे उडवले. "मी घरूनच काम करतेय. सकाळी तासभर येऊन जाईन."

असं ठरलं. वाईट कुणाच्याच मनात नव्हतं. रोज सकाळी तेजल आईच्या खुर्चीत बसे आणि आई मागे उभी राही. मशीनच्या दप्तरी प्रत्येक आज्ञेपुढे 'कुंदा फिरके' असं नाव उमटे. कुंदाताई आज्ञा सांगत आणि अधूनमधून म्हणत, "करंगळी वापर तिथे. अनामिका नको." एकदा तेजल वैतागली. "आई, मशीनला चालतंय ना? मग तुला का नाही चालत?" त्यानंतर कुंदाताईंनी तिचं बोट सुधारणं सोडून दिलं. पण मागे उभं राहणं त्यांना जड जाऊ लागलं. स्वतःच्या खुर्चीच्या पाठीवर हात ठेवून, स्वतःच्याच नावाने दुसऱ्याला काम करताना पाहायचं. घरी गेल्यावर त्या कमी बोलत. तेजललाही पुण्याहून फोन येत, कधी परत येणार म्हणून, आणि ती बाहेर अंगणात जाऊन बोले.

जळगावला डॉ. लढ्ढांची वेळ मिळाली तेव्हा कुंदाताई एकट्याच बसने गेल्या. "तू लॅबमध्ये थांब," त्यांनी तेजलला सांगितलं. "आज मशीनचं अपडेट आहे. ते अर्धवट राहिलं तर पुन्हा सगळा घोळ."

डॉक्टरांनी त्यांना चालायला लावलं, बोटं आपटायला लावली, स्कॅन काढलं. मग समोर बसवून सरळ सांगितलं, "पार्किन्सन्सची सुरुवात आहे."

"पण हात कुठे कापतोय माझा?"

"कापायला अजून वेळ लागेल. हालचाल आधी मंदावते, आणि तीही इतकी थोडी की माणसाच्या ध्यानात येत नाही. तुम्हाला कशामुळे शंका आली?"

"कॉम्प्युटर पासवर्ड घेईना."

डॉक्टर हसले नाहीत. "लवकर आलात मग. गोळ्यांनी पुष्कळ फरक पडतो. बरीच वर्षं काम करू शकाल. पूर्वीच्या वेगाने नाही, पण कराल."

बसमध्ये त्यांना खिडकीजवळची जागा मिळाली. भुसावळपर्यंत त्या आपल्या डाव्या हाताकडे पाहत होत्या. मग तो पदराखाली घेऊन बसल्या.

लॅबमध्ये परतल्या तेव्हा अंगण मोकळं होतं. सकाळी बस पकडायला जाताना तिथे दोन टेम्पो उभे दिसले होते. त्या थेट मशीनशी गेल्या. दोन नंबरच्या मालापुढचा लाल होल्ड निघून हिरवी खूण झाली होती, आणि खाली लिहिलं होतं, 'होल्ड काढला: कुंदा फिरके'.

तेजल शेजारच्या टेबलावर लॅपटॉप घेऊन बसली होती. "काय म्हणाले डॉक्टर?"

"हा होल्ड कुणी काढला?"

"मीच. भोळे सर म्हणाले, आईंशी बोलणं झालंय, तपासणी नीट निघाली. मी तुला फोन केला होता. बंद होता."

"स्कॅनला फोन बाहेर ठेवतात. तपासणीचा निकाल अजून आलेलाच नाही, तेजू."

तेजलचा चेहरा उतरला. कुंदाताई भोळ्यांच्या खोलीत गेल्या, तेजल मागोमाग.

भोळे उठून उभे राहिले. "ताई, बसा. कसं आहे सगळं?"

"आपलं काय बोलणं झालं होतं सर, होल्डविषयी?"

भोळ्यांनी नजर वळवली. "शेतकरी सकाळपासून दारात बसले होते. खड्डे घेऊन ठेवलेत त्यांनी. गेल्या हंगामात आपण उशीर केला तर अर्धे दुसरीकडे गेले. थोडी रोपं खराब निघाली तर बदलून देऊ."

"बसलेली बाग बदलून देता येत नाही."

"तसं काही होणार नाही."

"आणि झालं तर? विचारणा झाली तर मशीन कुणाचं नाव सांगेल?"

भोळे खुर्चीत बसले. हे त्यांच्या डोक्यात आधी आलं नव्हतं, हे त्यांच्या चेहऱ्यावर दिसत होतं. आणि आल्यावर त्यांना किंचित सुटल्यासारखं झालं, तेही दिसलं.

बाहेर येताच तेजल म्हणाली, "मी कार्यालयाला सांगते, मी केलं म्हणून."

"कोण मानेल? कायद्याने ताल म्हणजे सही. तू काहीही सांग, सही माझी आहे. आईला वाचवायला मुलगी खोटं बोलतेय म्हणतील."

"मग तू सांग."

"मी सांगायचं म्हणजे हातही दाखवावा लागेल." कुंदाताई पायरीवर बसल्या. मग म्हणाल्या, "पार्किन्सन्स आहे."

तेजल त्यांच्या शेजारी बसली. तिने आईचा डावा हात हातात घेतला. कुंदाताईंनीच उजव्या हाताने फोन काढला आणि प्रमाणन कार्यालयाचा नंबर लावला.

निरीक्षक रझिया तडवी दुसऱ्या दिवशी सकाळी आल्या. मूळच्या यावलच्या, चाळिशीच्या, कमी बोलणाऱ्या. टेम्पो कुठे गेले ते विचारून त्यांनी आधी फोन केले, मातीची सवय व्हायला रोपं ज्या नर्सरीत गेली होती तिथेच ती थांबवायला लावली आणि मग मशीनसमोर आल्या.

"बाई, नियमाप्रमाणे होल्ड तुम्ही काढलाय. तुम्ही म्हणता, नाही काढला. ताल तुमचाच आहे."

"माझा होता," कुंदाताई म्हणाल्या. "हा पासवर्ड बघा." त्यांनी तो कागदावर लिहून दिला. "आता मी टाकते. कागदाशी ताडून बघा, प्रत्येक अक्षर."

त्या बसल्या. रझिया बोटांकडे पाहत होत्या. डावी करंगळी बटणावर क्षणभर चिकटून राहिली, मग उठली.

'पासवर्ड चुकला.'

"घाबरलात म्हणूनही ताल बदलतो," रझिया म्हणाल्या. "पुन्हा टाका."

पुन्हा तेच. भोळे दाराशी उभे होते. लॅबमधल्या बायाही काम सोडून आल्या होत्या. कुंदाताईंच्या कानशिलांवर घाम आला. वीस वर्षं त्यांनी या भागातल्या मुलामुलींना टाइप करायला शिकवलं होतं, आणि आता स्वतःला येत नाही हे चारचौघांत सिद्ध करत होत्या.

"उठा," रझिया म्हणाल्या. "मुलीला बसू द्या."

तेजलने टाकला. उघडलं. मग रझियांनी तिलाही उठवलं आणि तो कागद पाहून स्वतः टाकला. नाकारला.

तिघींचे निकाल त्यांनी वहीत लिहून घेतले. मग वळून भोळ्यांना म्हणाल्या, "हे तुम्हाला ठाऊक होतं?"

"होतं," भोळे म्हणाले. "तेजलला बसवायचं मीच सुचवलं. आणि होल्ड... तोही मीच काढायला लावला. ताईंना न विचारता."

असं ते सरळ बोलतील असं कुणालाच वाटलं नव्हतं. बहुधा त्यांनाही नाही.

सगळा माल परत आला. पुढे तपासणीत बऱ्याच बाटल्यांमध्ये जिवाणू निघाले आणि तो सगळाच्या सगळा नष्ट केला गेला. प्रयोगशाळेचं प्रमाणपत्र हंगामभरासाठी थांबवलं. रोपं न मिळाल्याने शेतकरी चिडले, एकाने दारावर दगडही मारला. भोळ्यांनी घरोघर जाऊन समजूत घातली. काहींची पटली, काहींची नाही.

त्या सकाळी मात्र कामकाज आटोपल्यावर कुंदाताईंनी परवान्याचं कार्ड गळ्यातून काढून रझियांपुढे ठेवलं.

"हे कशाला?" रझियांनी विचारलं.

"माझा हात आता बरा होणार नाही."

"ताल दुसऱ्याला वापरू दिलात त्याची नोटीस तुम्हाला मिळेल. लेखी ताकीद. तो भाग वेगळा. पण हात मोडला तर आम्ही नवा नमुना घेतोच, तशी तरतूद आहे. मशीनला तुमचा हात चांगला आहे की वाईट याच्याशी देणंघेणं नाही. तुमचा आहे ना, एवढंच पाहिजे त्याला."

"पण हा बदलत राहील."

"मग दर तीन महिन्यांनी घेऊ. डॉक्टरांचा दाखला लागेल."

"असं करता येतं?"

"नियमात आहे. आजवर कुणी मागितलं नव्हतं." रझियांनी कार्ड कुंदाताईंकडे परत सरकवलं. "मागायला आधी सांगावं लागतं ना."

नवा नमुना त्याच दुपारी घेतला. ठरलेला परिच्छेद पुन्हा पुन्हा टाइप करायचा होता. पहिल्या दोन वेळा कुंदाताई जुन्या सवयीने वेग धरायला गेल्या आणि अडखळल्या.

"भराभर करू नका," रझिया म्हणाल्या. "जसं होतं तसं करा."

मग त्या सावकाश टाइप करू लागल्या. उजवा हात पुढे जाई, डाव्यासाठी थांबे, दोघं मिळून शब्द संपवत. मशीन टिपून घेत होतं. नमुना पुरा झाला तेव्हा त्यांनी पासवर्ड टाकला आणि मशीनने तो घेतला. रझियांनी तेजलला टाकायला सांगितला. तिचा नाकारला गेला. तेजल खुर्चीतून उठली आणि तिने दोन्ही हात झटकले, भांडी घासून झाल्यावर झटकावेत तसे.

आठवड्याने ती पुण्याला निघाली. सावद्याच्या स्टँडवर गाडी लागलेली होती. कुंदाताईंनी भरताच्या डब्याची पिशवी तिच्या हातात दिली.

"गोळ्या वेळेवर घे," तेजल म्हणाली.

"घेते."

"नमुन्याच्या वेळी मी येईन. तीन महिन्यांनी."

"ये की. पण बघायला ये," कुंदाताई म्हणाल्या. "टाइप मी करणार."